अंगावर वाहून नेण्याची सोय

आमच्या इमारतीत सध्या माझी ओळख 'ते ओढून आणलेले' अशी आहे. पूर्वी 'सहाव्या मजल्यावरचे' अशी होती. ही बढती कशी मिळाली ते सांगायचं तर लिफ्टपासून सुरुवात करायला हवी, आणि लिफ्ट तर बंद होती.

बंद म्हणजे बिघडलेली नव्हे. बिघडलेली लिफ्ट आम्हाला नवी नाही. दारावर दोन गुद्दे घातले की ती चालते. पण ही चांगली, धडधाकट लिफ्ट अग्निशमन खात्याची माणसं येऊन सील करून गेली. दाराला तार, तारेला लाखेचा गोळा आणि बाजूला चिकटवलेला कागद. रहिवाशांनी स्वतःचं आपत्कालीन पथक नेमावं, साहेबांसमोर कवायत करून दाखवावी, ती पसंत पडली तर लिफ्ट मिळेल. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते हे मला माहीत होतं. आग लागायच्या आधीपासूनच वापरायची नाही, ही खात्याची दूरदृष्टी.

बाकीच्यांनी जिने चढून-उतरून पोटऱ्या कमावल्या. अडकली ती माझी आई. तिचे गुडघे एका मजल्यालाच हात जोडतात. खाली फाटकाजवळ एक बाक आहे. रोज संध्याकाळी आई आणि तळमजल्यावरची तिची मैत्रीण त्यावर बसून इमारतीचं लेखापरीक्षण करायच्या: कोण कुणाबरोबर आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, कुणाचा चेहरा का उतरला. सील लागल्यापासून मैत्रीण खाली बाकावर आणि आई वर खिडकीत. दोघी फोनवर बोलायच्या, पण आईला त्यात राम वाटेना.

"वरून नुसती टकलं दिसतात रे," ती म्हणायची. "टकलावरून माणसाच्या मनातलं कसं कळणार?"

म्हणून सभेत अध्यक्षबाईंनी "पथकप्रमुख कोण होतंय?" असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी प्रश्न विचारला की आजही मोठमोठी माणसं बुटांकडे बघायला लागतात. माझा एकट्याचा हात वर बघून त्या म्हणाल्या, "शाब्बास. आता खाली घेतलात तरी उपयोग नाही."

खात्याच्या कागदात एक कलम होतं: 'पथकाकडे दोर, शिटी, विजेरी व प्रथमोपचाराचे साहित्य अंगावर वाहून नेण्याची सोय असावी.' हे वाक्य दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर त्यानं घरातली एक पिशवी खांद्याला अडकवली असती आणि विषय संपला असता. पण मी पोलादी कपाटं बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे. 'सोय असावी' हे शब्द वाचले की आमच्या विभागातल्या माणसाचा श्वास जड होतो.

त्यात आमच्या घरात तज्ज्ञ होता. बायकोचा धाकटा भाऊ सध्या दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात आमच्याकडे असतो. हा मधला काळ दोन्ही नोकऱ्यांपेक्षा मोठा झालाय. मोबाईलवर तो दिवसभर लढाया करतो आणि त्यातल्या बऱ्याच जिंकतो.

"भाऊजी," तो सोफ्यावरून न उठता म्हणाला, "तुम्हाला टॅक्टिकल व्हेस्ट लागणार. मॉड्युलर. म्हणजे जाकीट एकच, पण त्यावर पाहिजे तसे पाऊच चढवायचे, पाहिजे तसे काढायचे."

"जाकिटाला खिसे म्हणायचंय ना तुला?" बायको आतून म्हणाली. "यांच्या शर्टाला एकच खिसा आहे. त्यातलं पेन यांना सापडत नाही."

माझ्या अनुभवानं सांगतो, मोठ्या कामाची सुरुवात घरच्यांच्या अशा शेऱ्यानंच होते.

बायको, मेहुणा आणि मी असे तिघं गेलो ते दुकान एका तळघरात होतं. गिर्यारोहण, शिकार, पहारा आणि मोडीत निघालेला लष्करी माल असा त्यांचा एकत्र संसार. दुकानदारानं स्वतः एक जाकीट घातलं होतं आणि त्याच्या एका पाऊचमध्ये चहाचा कप बसवला होता. आम्हाला बघून त्यानं आवाज खाली आणला.

"मिशन काय आहे?"

"लिफ्ट," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अशा माणसाकडून माल घेताना फार सावध राहावं लागतं. त्यानं एक जाकीट काढून माझ्या अंगावर चढवलं. छाती, पोट, पाठ, सगळीकडे आडवे पट्टे शिवलेले. या पट्ट्यांमध्ये पाऊच ओवायचे. खांद्यांना गाद्या, कमरेला रुंद पट्टा, म्हणजे वजन खांद्यावर न येता कमरेवर येतं. माझ्या कमरेला हे आधी विचारलं गेलं नव्हतं.

"यात पुढे-मागे पोलादी पाटी सरकवता येते," दुकानदार म्हणाला. "बंदूक चालली तर."

"आमच्याकडे बंदूक कोण चालवणार?"

"भाऊजी, सभेनंतर काही सांगता येत नाही," मेहुणा म्हणाला.

पाटी मी नाकारली, कारण मुळात मी काटकसरी. मग दुकानदारानं दोन खास गोष्टी दाखवल्या. छातीवर एक लाल मूठ. ती खेचली की आतली तार सुटते आणि अख्खं जाकीट दोन तुकडे होऊन गळून पडतं. पाण्यात पडलात, कुठे अडकलात, तर एका झटक्यात मोकळे. आणि मानेमागे एक जाड पट्टा.

"हा कशाला?"

"जवान पडला तर बाकीचे त्याला यानं ओढून नेतात."

मी हसलो. "आमच्यात कोण पडणार!"

बायकोनं तो पट्टा दोनदा ओढून बघितला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती माल असा तपासून बघते तेव्हाच खरी काळजी करावी.

रंगाचा मात्र घोळ झाला. दुकानात फक्त हिरवा-करडा, जंगलात लपायचा, असा रंग होता. आमच्या जिन्यात जंगल म्हणजे दुसऱ्या मजल्यावर कुंडीत वाळत चाललेलं एकमेव रोपटं. तरी खात्री करावी म्हणून मी अग्निशमन कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "जाकिटाचं आमच्याकडे नाही, वेषभूषेकडे जा." वेषभूषेच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "वेषभूषा आमच्या माणसांची. बाहेरच्यांची दृश्यमानतेकडे." दृश्यमानतेची खिडकी एका कपाटामागे होती, कुणाला दिसू नये अशी. तिथे कळलं की पथकातला माणूस धुरात लांबून दिसला पाहिजे. म्हणून लपायच्या रंगाच्या त्या जाकिटावर बायकोनं चमचमणाऱ्या केशरी पट्ट्या शिवल्या. आता ते जाकीट एकाच वेळी मला लपवतही होतं आणि दाखवतही होतं. आई म्हणाली, "छान आहे. नक्की काय ठरलंय ते कळत नाही, एवढंच."

इथवर सगळं आटोक्यात होतं. घात केला तो आमच्या खरेदी विभागाच्या शिस्तीनं. तिचे दोनच नियम आहेत. पहिला, काहीही घेण्याआधी वापरणाऱ्या सगळ्यांच्या गरजा विचारा. दुसरा, कुणाच्याही गरजेला 'नाही' म्हणू नका. 'नोंद घेतली' म्हणा. कंपनीत हे उत्तम चालतं, कारण नोंद घेतल्यावर आम्ही काहीच करत नाही. पण इथे मी पथकप्रमुख होतो आणि मला पहिल्यांदाच काहीतरी करून दाखवायचं होतं. मी मजल्यामजल्यावर जाऊन विचारलं, "आणीबाणीत आपल्याला कशाची गरज भासेल?"

असा प्रश्न लोकांना आयुष्यात कुणी विचारलेला नसतो.

दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "कवळीची डबी पाहिजे."

"डॉक्टर, आगीत कवळी?"

"माणूस किंचाळला की पहिली तीच निसटते. तुम्ही दोर घेऊन पोचाल, आणि तो तुम्हाला काय नाव सांगतोय ते कळणार नाही."

"नोंद घेतली."

डबी त्या तळघरातल्या दुकानातच मिळाली, आत कुणाची तरी जुनी कवळी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गायिकेनं धुरानं घसा बसू नये म्हणून कोमट पाण्याचा थर्मास सुचवला. चौथ्या मजल्यावरच्या नवऱ्यानं मला जिन्यात गाठून घराच्या किल्ल्यांचा जादा जुडगा दिला आणि म्हणाला, "हिला सांगू नका." अर्ध्या तासानं त्याच्या बायकोनं दुसरा जुडगा दिला. "यांना कळता कामा नये." दोघांना वेगवेगळे पाऊच द्यावे लागले, एक डाव्या बरगडीवर, एक उजव्या. पाचव्या मजल्यावरच्या मावशींची गरज होती त्यांचं मांजर. जाळीचा, हवा खेळणारा, मांजराच्या मापाचा पाऊच दुकानदाराकडे तयार होता. तो नेमका कशासाठी बनवला होता हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो पाठीवर बसला. अध्यक्षबाईंनी त्यांचा बॅटरीवरचा कर्णा दिला. शाळेच्या मैदानावर तो त्यांनी उभी हयात वापरला होता. "शिस्त सुटली तर पाहिजे," त्या म्हणाल्या. तो कमरेला मागे लटकला.

सगळ्यात शेवटी आई. ती म्हणाली, "माझा बाहेरचा चष्मा ठेव त्यात. लांबचं दिसायचा. बाकावर बसताना लागतो. घरात ठेवला की कुठे जातो कळत नाही, तुझ्याकडे राहील तरी."

"आई, हे आणीबाणीचं जाकीट आहे."

"मग? मी सध्या कुठे आहे असं वाटतं तुला?"

तो पाऊच मी हृदयाच्या बाजूला लावला. तिथे जागा करायला कवळीची डबी मधोमध सरकवावी लागली. लाल मूठ तिच्यामागे गेली. मेहुण्यानं विचारलंही, "भाऊजी, मूठ कुठाय?" मी म्हणालो, "आहे की, कवळीमागे." जगातल्या बहुतेक अपघातांचं मूळ अशाच एखाद्या शांतपणे दिलेल्या उत्तरात सापडेल.

कवायतीच्या सकाळी मी ते सगळं चढवून आरशासमोर उभा राहिलो. पुढून मला माझे पाय दिसत नव्हते. मागून मला खुर्ची चालत नव्हती. बायकोनं माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "दोर कुठाय?"

दोर राहिला होता. शिटी, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटीही. खात्याच्या कागदात होत्या त्या चारही गोष्टींना जाकिटावर जागाच उरली नव्हती. त्या एका पिशवीत घालून पिशवी मी हातात घेतली.

साहेब आले. साधा, दमलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि घड्याळ हातात घेऊन खाली फाटकाशी बाकावर बसले. कवायत अशी: पाचव्या मजल्यावर आग लागली आहे, तिथे एक जखमी पडला आहे, पथकानं वर जाऊन त्याला जिन्यानं खाली आणायचं. जखमी म्हणून मेहुण्याची निवड झाली होती. पडून राहणं त्याला अंगवळणी होतं. पथकात मी, बायको, दंतवैद्य आणि पदसिद्ध म्हणून अध्यक्षबाई. तेवढ्यात पाचव्या मजल्याच्या मावशी आल्या आणि "सराव करायचा तर खरा करा," म्हणत त्यांनी मांजर माझ्या पाठीच्या पाऊचमध्ये कोंबलं.

साहेबांची शिटी वाजली. मी धावलो. धावलो म्हणजे आतून धावलो. बाहेरून ते जरा सावकाश दिसलं असावं, कारण पहिल्याच वळणावर अध्यक्षबाई मला मागे टाकून गेल्या. दुसऱ्या मजल्यावर थर्मास हनुवटीवर आपटायला लागला. तिसऱ्यावर दोन्ही जुडगे वाजू लागले, आणि कवळीची डबी उघडून आतली कवळी कटकट कटकट करत साथ देऊ लागली. मागून बायको म्हणत होती, "पिशवी माझ्याकडे द्या निदान!" पण पथकप्रमुखानं पिशवी द्यायची नसते.

चौथ्या मजल्याच्या वळणावर मांजराला पाचव्या मजल्यावरच्या स्वतःच्या घराचा वास आला. त्यानं जाळीतून पंजे काढले आणि ते माझ्यात रोवून घरी निघालं.

मी उलटा झालो. नेमका कसा ते सांगता येणार नाही, पण पाठीवर पडलो, कठडा आणि भिंत यांच्या मधोमध. डाव्या बाजूला नवऱ्याच्या किल्ल्या कठड्याच्या गजात अडकल्या, उजव्या बाजूला बायकोच्या किल्ल्या खिडकीच्या जाळीत. त्या दोघांनी एकत्र येऊन केलेलं गेल्या कित्येक वर्षांतलं हे पहिलं काम असावं. मांजर निसटून गेलं. मी हातपाय हलवत राहिलो, उलट्या पडलेल्या झुरळासारखा.

आणि कर्णा चालू झाला. तो माझ्या कमरेखाली आला होता, बटण दाबलं गेलं होतं.

"आई गं!" हे माझे पहिले शब्द अख्ख्या इमारतीत घुमले. मग, "ही म्हातारी पुढे पळाली कशाला?" मग, "साहेब बघत नसले म्हणजे मिळवलं."

"साहेब ऐकतायत," खालून आवाज आला.

वरून अध्यक्षबाई परत आल्या. 'म्हातारी' त्यांनीही ऐकलं होतं. त्यांच्या पाठोपाठ मेहुणा. त्याच्या कपाळावरच्या पट्टीवर लाल शाई होती आणि चेहऱ्यावर मत्सर. "भाऊजी, जखमी मी आहे!"

"लाल मूठ खेच!" मी म्हणालो, म्हणजे इमारत म्हणाली.

दंतवैद्य खाली वाकले. त्यांनी डबीतली कवळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ही मी बनवलेली नाही. काम बरं आहे पण." मूठ तशीच राहिली.

तेवढ्यात मला वरून चपलांचा आवाज आला. सावकाश, एकेक पायरी, मध्ये कठड्याला धरून थांबत. आई. सहाव्या मजल्यावरून दोन मजले उतरून आली होती, चष्म्याशिवाय, गुडघे धरत. मला जमिनीवर बघून तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मी हातपाय हलवायचे थांबवले.

"लागलं का रे?"

"नाही गं आई, नुसता अडकलोय."

"मग ठीक आहे," म्हणत ती पायरीवर बसली. बसल्यावर म्हणाली, "आता मला काही वर चढवत नाही बघ. खालीही उतरवत नाही."

म्हणजे आता असं झालं होतं की कवायत फसली तर लिफ्ट मिळणार नव्हती, आणि लिफ्ट मिळाली नाही तर आई चौथ्या मजल्याच्या पायरीवरच राहणार होती. चौथ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोच्या मधोमध. याहून खिडकी बरी.

बायकोनं हे माझ्याआधी ओळखलं. ती माझ्या डोक्याशी आली, मानेमागचा पट्टा चाचपला आणि अध्यक्षबाईंना म्हणाली, "बाई, त्या बाजूनं धरा. जखमी खाली न्यायचाय ना? मग हाच नेऊ."

"मी पथकप्रमुख आहे!" इमारत म्हणाली.

"गप्प पडा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि ओढलं.

दोन्ही जुडगे तटातट तुटले. मी निघालो. पाऊचमुळे माझं डोकं पायऱ्यांपासून वर राहत होतं, हे दुकानदाराच्या मालाचं वैशिष्ट्य म्हणून सांगतो. मेहुण्यानं माझे पाय धरले, दंतवैद्य कवळी धरून पुढे वाट काढत होते. प्रत्येक पायरीला थर्मास माझ्या हनुवटीवर, प्रत्येक वळणाला कर्णा माझं मनोगत जाहीर करतोय, आणि प्रत्येक दारात शेजारी उभे. तिसऱ्या मजल्यावरची गायिका हळहळली, "बिचारे. पण आवाजाची पट्टी चांगली आहे."

फाटकाशी मला साहेबांच्या पायाशी ठेवण्यात आलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग वाकले, कवळीच्या डबीमागे हात घातला आणि लाल मूठ खेचली. जाकीट फाडकन दोन तुकडे होऊन गळलं. मी शर्टात उरलो. त्या शर्टाचा एकुलता एक खिसाही फाटला होता.

"उत्तम," साहेब म्हणाले. "इतका खरा जखमी मी आजवर बघितला नाही. बाकी इमारतींत जखमी हसतात. काही तर मोबाईल बघतात."

मेहुण्यानं मान खाली घातली.

"साहेब, मी जखमी नाही. मी पथकप्रमुख आहे," मी उठून म्हणालो.

"नोंद घेतली," साहेब म्हणाले, आणि काहीही लिहिलं नाही. मग जाकिटाच्या तुकड्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कशाला आणलंत?"

"अंगावर वाहून नेण्याची सोय. कागदात आहे."

"अहो, पिशवी चालते. ही आहे ना तुमच्या हातात, अशीच."

पिशवी खरोखरच माझ्या हातात होती. सगळ्या प्रवासात ती मी सोडली नव्हती. ही एकच गोष्ट मी अभिमानानं सांगतो, पण ती कुणी विचारत नाही.

साहेबांनी अध्यक्षबाईंचं अभिनंदन केलं, बायकोचं केलं, आणि लिफ्टचं सील तोडलं. लाखेचा गोळा फुटला तेव्हा टाळ्या वाजल्या. अध्यक्षबाईंनी जागच्या जागी जाहीर केलं की पुढच्या वर्षी पथकप्रमुख माझी बायको. "आणि तुम्ही," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका. नुसते पडा. ते तुम्हाला म्हातारीपेक्षा चांगलं जमतं."

मला आईची आठवण झाली. ती वर पायरीवर, चष्म्याशिवाय. जाकिटाचे दोन्ही तुकडे मी खांद्यावर टाकले आणि परत चौथ्या मजल्यापर्यंत चढलो, जिन्यानं, कारण लिफ्टमध्ये तोवर निम्मी इमारत उत्सुकतेनं घुसली होती. आईला उठवलं, हाताला धरून लिफ्टच्या दारापर्यंत आणलं, बटण दाबलं. लिफ्ट आली. आत दंतवैद्य, गायिका, मावशी आणि मांजर, सगळे हसऱ्या चेहऱ्यानं वरखाली करत होते.

त्यांनी सरकून आईला जागा केली. आईनं माझ्या खांद्यावरून जाकीट ओढून घेतलं, हृदयाच्या बाजूचा पाऊच उघडला, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. चौथ्या मजल्याच्या दारात नवरा-बायको तुटलेले जुडगे हातात घेऊन एकमेकांसमोर उभे होते. तिथे तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. बाकावर सांगायला आजच्यापुरतं मिळालं होतं.

मी आत पाऊल ठेवलं. लिफ्ट किंचाळायला लागली. वजन जास्त.

मी पाऊल मागे घेतलं, किंचाळणं थांबलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा सुरू. कुणीच बाहेर येईना. आईनं हातातल्या जाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जाकिटाकडे. दोघांपैकी एकालाच नेता येणार होतं.

"यात चष्म्याचं घर आहे रे," ती म्हणाली. "तू जिन्यानं ये."

"नोंद घेतली," मी म्हणालो, आणि उतरू लागलो.